गोणीला माप आहे, पेशंटला नाही

(उल्हासनगर, कॅम्प नंबर चारमध्ये तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



मी कविता म्हणणार असं ज्यांना वाटलं असेल त्यांनी आत्ताच निराश होऊन घ्या. आज कविता नाही. मी मॅट्रिक माणूस. गोदीत टोळीत काम करतो. उचलणं, वाहणं, ठेवणं ह्या तीन क्रियापदांवर माझं घर चालतं. तेव्हा मी उचलण्यावरच बोलणार. पण गोणी नाही, पेटी नाही. पेशंट. आजारी माणूस खाटेवरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून एक्सरेच्या टेबलावर, तिसऱ्या मजल्यावरून रिक्षात कसा न्यायचा, नेताना त्याचं काय मोडतं आणि नेणाऱ्याचं काय मोडतं. मागं कोणीतरी म्हणालं, हा काय चळवळीचा विषय आहे का? आहे. थांब जरा.

ज्यांच्या घरातलं कोणी दवाखान्यात आया, मावशी, वॉर्डबॉय, मामा, झाडूवाला, नाहीतर मुडदेघरात कामाला आहे त्यांनी हात वर करा. बघा एकमेकांकडे. आता ज्यांच्या घरातला कोणी सर्जन आहे त्यांनी हात वर करा. झालं. मला कुठली आकडेवारी द्यायची गरज नाही, ह्या खोलीनंच ती दिली. औषध लिहिणारा हात एका वस्तीतून येतो, गू-मूत काढणारा, कुशीवर वळवणारा, मेल्यावर पाय सरळ करणारा हात दुसऱ्या वस्तीतून येतो. गावात मेलेलं ढोर ओढायला आपण होतो, शहरात जिवंत माणूस ओढायला आपण आहोत. बढती झाली म्हणायची!

आता ह्या खोलीतल्या दुसऱ्या बाजूचं बोलू. पेशंटसुद्धा आपलाच. बदलापूरच्या सोनिवलीत, अंबरनाथच्या उलन चाळीत, इथं सुभाष टेकडीवर एखाद्या म्हाताऱ्याला लकवा मारला की काय होतं ते मोजा. मी खरंच मोजून बघितलंय, बोटांवर. खाटेवरून खुर्चीत, एक. जिन्यावरून खाली रिक्षात, दोन. दवाखान्याच्या दारात रिक्षातून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून तपासायच्या खाटेवर, तिथून परत ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून मशीनच्या टेबलावर, टेबलावरून परत ट्रॉलीवर. मग साहेब म्हणतात, इथं सोय नाही, पुढं न्या. मग अँब्युलन्सच्या स्ट्रेचरवर. म्हणजे एका दवाखान्याला सहा वेळा. बदलापूरहून उल्हासनगरचं मध्यवर्ती, मध्यवर्तीहून कळवा, कळव्याहून सायन नाहीतर जे.जे. तिसऱ्या ठिकाणी पुढं पाठवलं तोवर म्हातारा वीस वेळा उचलला गेला. वॉर्डातली खाट अजून आलेलीच नाही. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, फोन केला की येते, फुकट येते, त्यात ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतो. चांगली गोष्ट आहे, नंबर पाठ ठेवा. पण गाडी रस्त्यावर येते. तिसऱ्या मजल्यावर गाडी येत नाही. तिथं कोण? तू आणि मी आणि शेजारचा जो कोणी घरी असेल तो.

ह्या वीस वेळांत उचलायचं कसं हे किती वेळा कोणी कोणाला शिकवलं?

गोदीत आम्हाला शिकवावं लागतं, नाहीतर माल पडतो. माल विम्याचा असतो ना. तिथं उचलण्याला माप आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली शिफारस केली की मोठ्या पुरुषाला ५५ किलोच्या वर वजन वाहावं लागत असेल तर ते खाली आणा. बांधकाम मजुरांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत तेच छापलं होतं, पुरुषाला ५५, बाईला ३०. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३४ वं कलम होतं, इजा होईल इतकं जड कोणालाही उचलायला लावू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये कारखान्याचा तो कायदा, आमच्या गोदीचा १९८६ चा कायदा, सगळं नव्या संहितेच्या पोटात गेलं. तिच्या पोटातून काय बाहेर येतं ते बघायचं आहे. पण हे आकडे मालकाच्या दयेतून आले नव्हते. मुंबईच्या बाजारात अण्णासाहेब पाटलांनी पाठीवाल्यांची, डोकीवाल्यांची संघटना बांधली तेव्हा कुठं १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाच्या मानेला हाड असतं हे सरकारच्या कागदावर चढायला इतकी वर्षं गेली.

आणि पेशंटला माप किती? अमेरिकेत कामगारांच्या तब्येतीचा अभ्यास करणारी एक सरकारी संस्था आहे. तिथल्या थॉमस वॉटर्स नावाच्या माणसानं २००७ साली हिशोब मांडला. पेशंट उचलताना एका माणसाच्या हातात ३५ पौंडांच्या वर वजन येऊ नये. ३५ पौंड म्हणजे साधारण १६ किलो. ५५ नाही, १६! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. सोळा किलो तर आमच्याकडे पोरगं उचलतं. मग विचार केला आणि हसू गेलं. गोणीला आपण चुंबळ घेतो, पाठीला लावतो, तोल धरतो. गोणी घाबरत नाही, मध्येच गळ्याला मिठी मारत नाही. गोणीला सलाईन लावलेली नसते, लघवीची पिशवी लोंबत नसते. गोणीला दुखत नाही. शिवाय पेशंट खाटेच्या मध्यावर असतो आणि तुम्ही खाटेच्या बाहेर, म्हणजे वाकून, हात लांब करून उचलणार. घरी पाण्याची बादली छातीशी धरा, मग तीच हात लांब करून धरा. फरक कमरेला कळतो, पुस्तक लागत नाही.

आणि १६ किलो म्हणजे किती माणूस? माणसाचा एक पाय त्याच्या सगळ्या वजनाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. साठ किलोच्या माणसाचा एक पाय दहा किलो. म्हणजे त्या हिशोबानं बाईनं एकटीनं एक पाय धरून ठेवावा इतपतच. अख्खा माणूस हातांनी उचलायचाच नाही. त्याला सरकवायचा, वळवायचा, टेकवायचा, नाहीतर यंत्रानं उचलायचा.

माझी आई एका खाजगी दवाखान्यात आया होती. नाव सांगत नाही. रात्रपाळीला दोन आया आणि वर-खाली मिळून सगळा दवाखाना. एका रात्री बाथरूममध्ये घसरलेल्या बाईला तिनं काखेत हात घालून वर ओढलं. त्या रात्रीपासून आईची कंबर गेली. डाव्या पायात मुंग्या, बसलं की उठता येत नाही. दवाखान्यानं काय म्हणावं? घरी धुणं धुताना झालं असेल. कंत्राटदार म्हणाला, तुमचं नाव रजिस्टरला कुठंय? आणि जाताना वर शहाणपण शिकवलं, मावशी, पाठ सरळ ठेवून उचलायचं असतं.

ह्या ‘पाठ सरळ ठेवा’वर मला जरा थांबायचंय, कारण भिंतीवर तक्ते लावून हेच शिकवतात. गुडघ्यात वाका, पाठ सरळ, वजन अंगाजवळ. हे खोटं नाही, बादलीला खरं आहे, गोणीला खरं आहे. पण १९९९ साली ओहायोच्या विद्यापीठात विल्यम मारास आणि त्याच्या सोबत्यांनी पेशंट उचलणाऱ्यांच्या मणक्यावर दाब किती येतो तो मोजला. एकट्यानं उचलून बघितलं, दोघांनी उचलून बघितलं, वेगवेगळ्या शिकवलेल्या पद्धतींनी बघितलं. दाब धोक्याच्या रेषेच्या वरच राहिला. म्हणजे माणूस हातांनी पूर्ण उचलायचा असेल तर कुठलीच पद्धत बिनधोक नाही. मग तक्ता कशाला? तर कंबर गेली की दोष मावशीचा, तिनं नीट वाकली नसेल. मालकाला चादर घ्यायला नको, पट्टा घ्यायला नको, माणूस वाढवायला नको, तक्ता स्वस्त पडतो.

दुसरीकडं हे कसं बदललं? ब्रिटनमध्ये १९९२ साली हातांनी ओझी हलवण्याचे नियम आले, त्यात मालकावर पहिलं बंधन असं की धोक्याचं उचलणं शक्यतो टाळायचंच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९८ साली नर्सांच्या युनियननं ठराव केला, आम्ही माणूस हातांनी उचलणार नाही, साधन द्या. कॅलिफोर्नियात २०११ साली दवाखान्यांसाठी कायदाच झाला. ह्यातल्या कोणी पेशंटला टाकून दिलं नाही. साधनं आल्यावर पेशंटला ओढाताण कमी, जखमा कमी. नर्सची कंबर आणि पेशंटची कातडी ह्यांचं भांडण नाही, दोघांचा शत्रू एकच.

आपल्यातला कोणी म्हणेल, पण आपली परंपरा सेवेची. सावित्रीमाईंनी पाठीवर वाहिलं. खरं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं पोर गाठ आलेलं पडलं होतं. माईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात नेलं. पोर जगलं. माईंना प्लेग झाला, १० मार्चला त्या गेल्या. त्यांचं वय तेव्हा ६६. मी हे दर जयंतीला ऐकतो, अंगावर काटा येतो. पण भाषण करणारे टाळ्या घेतात आणि पुढं जातात, एक प्रश्न कोणी विचारत नाही. सहासष्ट वर्षांच्या बाईच्या पाठीशिवाय त्या पोराला दुसरं काही का नव्हतं? पुण्यात गाड्या नव्हत्या? डोल्या नव्हत्या? होत्या. त्या महारवाड्यात जाणाऱ्या नव्हत्या. माईंची पाठ मोठी होती म्हणून आपण त्या पाठीचं देऊळ करायचं आणि मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरून आज अवघडलेली बाई झोळीत घालून खांद्यावर आणतात तेही सेवाच म्हणायचं? मला माईंच्या पाठीबद्दल आदर आहे म्हणूनच मी दुसरी पाठ द्यायला तयार नाही.

सरकारला साधन सापडत नाही असंही नाही. २७ जुलै २०१९ ला आपल्या इथंच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराच्या वर माणसं, त्यात नऊ गरोदर बाया. बोटी आल्या, एनडीआरएफ आलं, नेव्ही आली, हेलिकॉप्टर आलं, डॉक्टर आले, गावकरी आले. सगळे सुखरूप निघाले. छान काम झालं, मी त्यावर थुंकणार नाही. मी एवढंच म्हणतो की त्याच उल्हास नदीच्या काठावर रोज कोणीतरी गरोदर बाई जिन्यावरून उतरते आणि तिच्यासाठी एक धड खुर्ची नसते.

आता कामाचं. हे नीट ऐका, वहीत लिहा.

सगळ्यात आधी पेशंटशी बोला. ‘काका, आता तुम्हाला डाव्या कुशीवर करतो, कुठं दुखतंय?’ बेड नंबर बारा म्हणू नका. तो स्वतः किती हलू शकतो ते विचारा. जो पाय रोवू शकतो त्याला पाय रोवू द्या, त्यानं टाच दाबली तरी तुमचं ओझं कमी होतं. अंगावर चादर ठेवा. गरिबाला लाज नसते असं दवाखान्यात फार जणांना वाटतं.

टोळीत हुकूम एकाचाच असतो, मुकादमाचा. क्रेनला खूण एकच माणूस करतो. पेशंटच्या डोक्याशी जो उभा आहे तो मुकादम, कारण त्याला तोंड दिसतं. ‘एक, दोन, तीन’वर हलायचं की तीननंतर हलायचं हे आधी ठरवा, नाहीतर अर्धे आधी उचलतात, अर्धे मागून. पण थांबा म्हणायचा हक्क सगळ्यांना. क्रेनखाली कोणीही थांब ओरडला की क्रेन थांबते, इथंही तसंच. पेशंटनं थांब म्हटलं तरी थांबायचं.

काखेत हात घालून ओढायचं नाही. हे सगळ्यात जास्त चालतं आणि सगळ्यात वाईट आहे. लकवा मारलेल्या माणसाचा खांदा आधीच सैल असतो, ओढला की सांधा खाली सरकतो आणि मग जन्मभराचं दुखणं. त्याला वर सरकवायचं तर खाली आडवी चादर घाला, दोन्ही कडा अंगाजवळ गुंडाळून मुठीत धरा आणि दोघांनी मिळून सरकवा. उचलू नका. चादरीखाली गुळगुळीत कापड असलं की माणूस लोण्यासारखा सरकतो. बाहेर देशात ह्यासाठी नायलॉनची नळीसारखी शिवलेली चादर मिळते, आतल्या बाजू एकमेकींवर घसरतात. ह्यात अवघड काय आहे? उल्हासनगरात काय शिवलं जात नाही? कॅम्प पाचातल्या ज्या मशीनवर जीन्स शिवली जाते त्याच मशीनवर तीन मुठींचा कमरेचा पट्टा होतो. पेशंटच्या कमरेला बांधायचा, हाताला नाही पट्ट्याला धरायचं. मेड इन यूएसए म्हणून सगळं काही विकलंय ह्या गावानं, हेही शिवा. कापड न ताणता, वजन घालून आधी आपल्यातल्याच एखाद्या धडधाकटावर तपासा.

नुसतं ओढत नेल्यानं कातडी आणि हाड उलट दिशांना जातात आणि माकडहाडाशी जखम सुरू होते. म्हणून खाटेला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या. करोनात दम लागलेल्यांना पोटावर झोपवत होते, आठवतं? बेशुद्ध माणूस नळ्यांसकट पालथा करायला चार-पाच जण लागायचे. ते चार-पाच कोण होते आणि साथ ओसरल्यावर त्यांच्यातल्या कंत्राटवाल्यांचं काय झालं, ते ह्या खोलीत बसलेल्यांना विचारा.

लकव्याच्या माणसाला खाटेवरून खुर्चीत न्यायचं तर खुर्ची त्याच्या धड बाजूला, खाटेला तिरकी लावा. चाकाची असेल तर ब्रेक लावा, पायऱ्या वर करा. आधी त्याला खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसवा आणि थांबा, चक्कर जाऊ द्या. मग त्याच्यासमोर उभं राहा, तुमच्या गुडघ्यानं त्याचा लुळा गुडघा अडवा, पट्टा धरा, त्याला पुढं झुकू द्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं. माणूस पुढं झुकला की निम्मा आपोआप उठतो. तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका.

चालवताना माणूस पडायला लागला तर झेल घ्यायचा नाही. त्याच्या मागं जा, एक पाय पुढं करा, तुमच्या मांडीवरून त्याला हळूहळू जमिनीवर घसरू द्या, डोकं सांभाळा. आणि जमिनीवर आला की घाईनं वर ओढू नका, जमीन कुठं पळत नाही. आईच्या त्या बाथरूममध्ये एक चादर आणि अजून तीन माणसं पाहिजे होती.

जिना. लोखंडी किंवा मजबूत लाकडी खुर्ची, प्लॅस्टिकची नको, तिचा पाय तुटतो. छातीला आणि मांड्यांना ओढणी बांधा, हात आत. खाली उतरताना पाय पुढं, म्हणजे डोकं वरच्या बाजूला राहतं. एक मागं पाठीशी, दोघं पुढं पायांशी, आणि एक मोकळा माणूस पुढं चालत पायऱ्या सांगणारा, चपला-बादल्या बाजूला करणारा. प्रत्येक वळणावर टेकवा. दम लागलेल्याला आडवा करू नका, बसलेलाच न्या. दिवस भरत आलेल्या बाईला आडवी न्यायची तर डाव्या कुशीवर. लघवीची पिशवी नेहमी पोटाच्या खाली, पेशंटच्या छातीवर ठेवून नेतात ती चूक, घाण उलटी आत जाते.

आणि लोकल. आपल्या लाइनीवर गाडीतून पडलेला माणूस दिसला नाही असा एकही ह्या खोलीत नसेल. चौघं धावतात आणि हातपाय धरून उचलतात, मध्ये कंबर लोंबते. मणका मोडलेला असेल तर तिथंच तो पांगळा होतो. रुळावर गाडी येण्याचा धोका नसेल तर हलवू नका, डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं धरून ठेवा आणि स्ट्रेचरची, १०८ ची वाट बघा. धोका असेलच तर डोकं, मान, पाठ एका रेषेत. एक डोक्याशी, तिघं एका बाजूला, ओंडका वळवावा तसा अख्खा माणूस एकदम कुशीवर, पाचव्यानं फळी खाली सरकवायची, परत एकदम पाठीवर. स्टेशनातून स्ट्रेचर उचलायला रेल्वेचे हमाल येतात. तेही आपलेच भाऊ, त्यांनाही हे कोणी शिकवत नाही, त्यांना ह्या बैठकीला पुढच्या वेळी आणा.

मागण्यांचं थोडक्यात. आपण ज्या ज्या दवाखान्यात कामाला आहोत तिथं अर्ज द्यायचा, तोंडी नाही, लेखी, पोचपावती घेऊन. सरकत्या चादरी, पट्टे, ट्रॉली आणि टेबल ह्यांच्यामध्ये घालायची गुळगुळीत फळी, वर-खाली होणाऱ्या खाटा, धड चाकं. एका वॉर्डाला निदान एक उचलायचं यंत्र. गॅरेजात मोटारीचं इंजिन उचलायला हायड्रॉलिकचा घोडा असतो, हे यंत्र त्याचाच भाऊ आहे. आमच्या गोदीत केळ्याच्या पेट्यांना क्रेन लागते. रात्रपाळीला माणसं किती हे लिहून मागा. आणि कंबर गेली त्याच दिवशी अपघाताच्या वहीत नाव, वेळ, पेशंट कुठून कुठं नेत होतो ते लिहायला लावा. कंत्राटातल्यांनी ईएसआयचा नंबर आजच विचारायचा, दुखल्यावर नाही.

बास. बोलून हे येत नाही. टेबलं मागं सारा, चादर आणि ती लोखंडी खुर्ची इकडं घ्या. सत्तर किलोच्या वरचा एक जण पेशंट होऊन झोपा. चौघंजण पुढं या, त्यात दोन बाया पाहिजेत. खिशातल्या किल्ल्या काढा, बांगड्या वर सारा. डोक्याशी कोण थांबणार ते आधी ठरवा.